पाण्यातल्या झाडांना गॅस देणारा माणूस

चामोर्शीच्या बसस्टँडवरून बाजाराकडे वळलं की डाव्या हाताला हिरव्या शटरचं एक दुकान लागतं. पाटीवरची अक्षरं उडून गेली आहेत, ‘सोडा’ तेवढं अजून वाचता येतं. हे श्रीहरी कुनघाडकरांचं दुकान. मागे लागून त्यांचं दोन खोल्यांचं घर. पस्तीस वर्षं त्यांनी या दुकानात गोटी सोडा भरला. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत त्यांचा मंडप लागायचा, तेव्हा तर मशीन हाताने फिरवून फिरवून खांदे भरून यायचे. पाण्यात गॅस किती गेला ते श्रीहरीभाऊ आवाजावरून सांगत. काटा बघायची त्यांना गरज पडत नसे.

मग प्लास्टिकच्या बाटल्या आल्या, पानठेल्यांवर फ्रीज आले आणि गोटी सोडा मागणारे कमी कमी होत संपले. शटर बंद झालं. मशीन आत झाकून ठेवलं गेलं.

त्याच वर्षी त्यांची मुलगी करिश्मा बाळंत होणार म्हणून त्यांची बायको मनकर्णाबाई नागपूरला गेल्या. तीन महिन्यांसाठी गेल्या होत्या. बाळ झालं, करिश्माची नोकरी पुन्हा सुरू झाली, बाळाला सांभाळायला कोणी नव्हतं, मनकर्णाबाई थांबल्या. मग दुसरं बाळ झालं. असं करता करता चार वर्षं झाली. भांडण नाही, तंटा नाही. रोज संध्याकाळी फोन यायचा. “जेवले का?” “जेवलो.” “काय केलं?” “वांग्याची भाजी.” मागून पोरांचा आवाज यायचा आणि फोन ठेवला जायचा.

श्रीहरीभाऊंना स्वयंपाक जमायला लागला. जमलं नाही ते बोलणं. घरात कोणी नसलं की माणूस दोन-दोन दिवस बोलत नाही, आणि मग बाजारात कोणी हटकलं तर पहिला शब्द घशात अडकतो, तसं त्यांचं व्हायचं.

बाजाराच्या रस्त्यावरच दातांचे डॉक्टर लोकेश वासेकर यांचा दवाखाना आहे. डॉक्टर तरुण, हौशी. त्यांनी पेशंटच्या बसायच्या खोलीत तीन फुटी काचेची टाकी आणली. नुसते मासे नाहीत, खाली काळी माती, तिच्यात लावलेली झाडं, तांबड्या पानांची, गवतासारखी, बारीक सुईसारख्या पानांची. दोन महिन्यांत ती झाडं सडायला लागली. तांबडी पानं मातकट झाली, काचेवर शेवाळ चढलं. ज्याच्याकडून टाकी आणली त्याने फोनवर सांगितलं, या झाडांना पाण्यातून कार्बन डायऑक्साइड द्यावा लागतो, नाहीतर ती जगत नाहीत. डॉक्टरांनी आधी साखर आणि खमीर बाटलीत घालून पाहिलं. चार दिवस बुडबुडे आले आणि पाचव्या दिवशी बाटलीतला आंबूस फेस नळीतून टाकीत उतरला.

दवाखान्यात रंजीता नावाची मुलगी कामाला होती. नंबर लावायची, झाडझूड करायची, टाकीतल्या माशांना खायला घालायची. तीच म्हणाली, “सर, तो गॅस तं सोड्यातबी असते ना? मंग सोडावाल्या भाऊले काऊन नाई विचारत?”

असे डॉक्टर एका सकाळी श्रीहरीभाऊंच्या दारात आले. “भाऊ, तुमच्याकडे गॅसचं सिलिंडर आहे का अजून?”

“दोन हायेत. एक मोठं, एक लहान. कायले पाह्यजे?”

“झाडांना द्यायचाय.”

श्रीहरीभाऊंनी चपला पायांत सरकवल्या. मग म्हणाले, “चला, पाहू.”

लहान सिलिंडर चंद्रपूरहून भरून आणायला त्यांना दोन खेपा घालाव्या लागल्या, कारण पहिल्या दिवशी भरणारा माणूसच नव्हता. आणलं ते बसच्या मागच्या सीटखाली, पोत्यात गुंडाळून, पाय लावून बसले. दवाखान्यात आल्यावर सिलिंडर त्यांनी खिडकीच्या गजाला दोरीने उभं बांधलं. “आडवं पडलं तं गॅसच्या जागी पातळ येते, ध्यानात ठेवजो,” हे रंजीताला सांगितलं. वर रेग्युलेटर बसवला. मशीनवरचा पितळेचा बारीक व्हॉल्व्ह काढून आणला होता, तो पुढे लावला. पुढची नळी पातळ हवी होती. डॉक्टरांनी कपाटातून सलाईनचा नवा सेट काढून दिला. त्यात थेंब पडायची जी पारदर्शक डबी असते, तिच्यात श्रीहरीभाऊंनी अर्धं पाणी भरलं. गॅस तिच्यातून जाताना एकेक बुडबुडा दिसायला लागला.

प्रश्न राहिला तो गॅस पाण्यात विरघळवायचा. मोठा बुडबुडा सरळ वर जातो आणि फुटतो. त्याचा उपयोग शून्य. सोड्याच्या मशीनमध्ये पाणी जोरात घुसळलं जायचं, इथे मासे होते. श्रीहरीभाऊ घरी गेले, बांबूची जुनी काठी घेतली, तिचा बोटभर तुकडा तासून नळीच्या तोंडात घट्ट बसवला. गॅसचा दाब वाढला तसा बांबूच्या बारीक बारीक छिद्रांतून धुक्यासारखा गॅस निघाला आणि पाण्यात पसरला.

“अरे वा!” डॉक्टर म्हणाले.

श्रीहरीभाऊ प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावत होते. कुठे फुगा येतो का बघत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण कान लाल झाले होते.

संध्याकाळी निघताना डॉक्टरांनी विचारलं, “रात्री बंद करायचा का?”

“एवढासा तं आहे. चालते राहू द्या.”

सकाळी रंजीताने दार उघडलं तर अकरा मासे पाण्यावर तरंगत होते. उरलेले तोंड वर काढून हवा ओढत होते. तिने घाबरून श्रीहरीभाऊंना बोलावलं. ते अनवाणीच आले. व्हॉल्व्ह बंद केला आणि तांब्याने टाकीतलं पाणी उंचावरून पुन्हा टाकीतच ओतत राहिले, हवा मिसळावी म्हणून. अर्धा तास. शर्ट कोपरापर्यंत ओला झाला. उरलेले मासे हळूहळू खाली गेले.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी सांगितलं की झाडं हा गॅस उजेडातच घेतात. अंधारात घेत नाहीत, उलट स्वतःच थोडा सोडतात. म्हणजे रात्रभर तो पाण्यात साठतच गेला. “चूक माझीपण आहे भाऊ. मी वाचायला हवं होतं.”

“तुमाले मी सांगतलं चालते म्हणून,” श्रीहरीभाऊ म्हणाले. त्यांनी ते अकरा मासे कागदावर घेतले आणि दवाखान्याच्या मागे लिंबाच्या झाडाखाली खड्डा करून पुरले. मग हात धुऊन आले आणि म्हणाले, “आजपासून उघडीन बी मी आन बंद बी मी करीन. कोणाले हात लावू देऊ नोका.”

डॉक्टरांनी काचेची एक लहानशी कुपी मागवून पाण्यात लावली. तिच्यातलं पाणी निळं दिसलं तर गॅस कमी, हिरवं तर बरोबर, पिवळं झालं तर धोका. टाकीवरचे दिवे दहाला लागायचे. श्रीहरीभाऊ नऊला येऊन व्हॉल्व्ह उघडत, रंजीताच्या मोबाइलवर सेकंद बघून बुडबुडे मोजत, सेकंदाला एक. पाचला येऊन बंद करत. दिवे सहाला जात. रविवारी दवाखाना बंद असायचा म्हणून डॉक्टरांनी त्यांना एक किल्ली देऊन टाकली.

पहिल्या आठवड्यात ते उघडायचे आणि घरी जायचे. मग कुपी हिरवी होते का बघायला तास-दीड तास थांबायला लागले. मग दुपारी घरी जाणंच सुटलं. टाकीशेजारच्या खुर्चीवर ते बसून असत. नवे पेशंट त्यांनाच विचारत, “डॉक्टर आले का जी?” “कितवा नंबर चालू आहे?” आणि श्रीहरीभाऊ सांगत. दाढ दुखणारी माणसं फार बोलत नाहीत, पण विचारतात तरी. “हे नळी कायची आहे?” असं कोणी विचारलं की ते पहिल्यापासून सगळं सांगायचे, सिलिंडरपासून बांबूपर्यंत. एकदा बांबूच्या जंगलांकडच्या धानोऱ्याहून आलेला एक म्हातारा गाल धरून सगळं ऐकत बसला आणि शेवटी म्हणाला, “आमच्या बांबूचं आणखी एक काम निंघालं म्हणा.” श्रीहरीभाऊ त्या दिवशी खूप हसले.

दीड महिन्यात झाडांनी नवी पानं धरली. एका दुपारी रंजीता ओरडली, “भाऊ, इकडं या!” तांबड्या पानांच्या कडांवर बारीक बारीक बुडबुडे चिकटले होते, शेकड्यांनी. एकेक सुटून वर जात होता. हा गॅस नळीतला नव्हता. झाडांनी आपल्या अंगातून सोडलेली हवा होती ती.

श्रीहरीभाऊंनी तिथूनच मनकर्णाबाईंना फोन लावला. दुपारी ते कधी फोन करत नसत, त्यामुळे त्या घाबरल्या. “काय झालं जी? बरं आहे ना?”

“बरं आहे. झाडं हवा सोडून राह्यले. पानापानाले बुडबुडे आले.”

“कोन्ते झाडं?”

“पाण्यातले. डॉक्टरकडचे.”

“हं,” मनकर्णाबाई म्हणाल्या. मागे पोरगं रडत होतं. “संध्याकाळी सांगजा. याले झोपवाचं आहे.”

संध्याकाळी श्रीहरीभाऊंनी सांगितलं नाही. मनकर्णाबाईंनी विचारलंही नाही.

सात-आठ महिने असे गेले. दिवाळीनंतर डॉक्टर नागपूरहून एक खोका घेऊन आले. त्यात विजेवर चालणारा व्हॉल्व्ह होता, चिनी मातीच्या चकतीचं फवारणीचं नळकांडं होतं, आणि प्लगमध्ये लावायचं घड्याळ. वीज सुरू झाली की व्हॉल्व्ह उघडतो, गेली की बंद. घड्याळात वेळ लावून ठेवायची.

“भाऊ, आता तुमची दोन वेळची धावपळ वाचली,” डॉक्टर मनापासून म्हणाले. “उन्हातान्हात येता, मलाच वाईट वाटायचं.”

“लाइन गेली तं?”

“गेली तर आपोआप बंद. धोकाच नाही.”

बसवणारं दुसरं कोणी नव्हतं. श्रीहरीभाऊंनीच पितळेचा व्हॉल्व्ह सोडवला, बांबूचा तुकडा काढला, नवं सामान जोडलं, जोडांना साबण लावून पाहिलं. घड्याळावर नऊ आणि पाच लावून दिले. पाच वाजता आतून ‘टक्’ असा आवाज झाला आणि डबीतले बुडबुडे थांबले. श्रीहरीभाऊंनी दवाखान्याची किल्ली खिशातून काढून रंजीताच्या टेबलावर ठेवली.

“राहू द्या ना भाऊ तुमच्याजवळ,” ती म्हणाली.

“कायले?”

दुसऱ्या दिवशी ते नऊला गेले. बुडबुडे सुरू झालेले होते. “बसा ना भाऊ,” रंजीता म्हणाली. ते बसले. पेशंट आले. पण आज आपण इथे का बसलो आहोत, हे कोणी विचारलं तर काय सांगावं ते त्यांना सुचेना. साडेदहाला ते उठून घरी आले. तिसऱ्या दिवशी गेले नाहीत. सिलिंडर रिकामं झालं की रंजीताचा फोन यायचा, मग ते चंद्रपूरहून भरून आणून लावून द्यायचे. दोन-अडीच महिन्यांतून एकदा.

घरात पितळेचा व्हॉल्व्ह होता, बांबू होता, मोठं सिलिंडर होतं. ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्या दिनेशकडून त्यांनी काचा कापून आणल्या आणि चिकटवून टाकी केली. पाणी भरून दोन दिवस ओट्यावर ठेवली, गळत नाही ते पाहिलं. वैनगंगेची वाळू धुऊन घातली, तिच्याखाली तलावातला गाळ. झाडं विकत आणली नाहीत. गावाबाहेरच्या लहान तळ्यात, बोडीत, गुडघाभर पाण्यात उतरून तीन जातीची उपटून आणली, एक रिबिनीसारख्या लांब पानांची, दोन बारीक पानांच्या. मासेही धानाच्या बांधीतल्या पाण्यातले, नखाएवढे. नावं त्यांना माहीत नव्हती. मागच्या खोलीत पलंगासमोर ती टाकी बसली, वर एक दिवा टांगला. नऊला उघडायचं, पाचला बंद करायचं. दिवसाला पुन्हा एक सुरुवात आणि एक शेवट आला.

मनकर्णाबाई फोनवर म्हणायच्या, “आठ दिवस या ना इकडं. पोरं विचारून राह्यले, आबा कधी येते म्हणून.”

“मी आलो तं गॅस कोण बंद करंल?”

हे दोन-तीनदा झालं. मग एक दिवस कुरिअरवाला खोका घेऊन आला. करिश्माने मागवला होता. तसाच विजेचा व्हॉल्व्ह, तसंच घड्याळ. श्रीहरीभाऊंनी खोका उघडला नाही, मशीनवर ठेवून दिला.

“बाबा, पार्सल मिळालं का?” करिश्माने विचारलं.

“नाई आलं अजून.”

पंधरा दिवसांनी तिने पुन्हा विचारलं. ते पुन्हा नाही म्हणाले. “बाबा,” ती हळूच म्हणाली, “माझ्या मोबाइलवर दाखवून राह्यलं. चौदा तारखेला तुमीच सही करून घेतलं.”

  त्या रविवारी श्रीहरीभाऊंनी खोका उघडला आणि सगळं बसवलं, दिवाही घड्याळावर जोडला. चार दिवस घरी राहून पाहिलं. रोज वेळेवर टक् होत होतं. मासे आठ दिवस उपाशी राहू शकतात हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेव्हा आता न जायला काही कारण नव्हतं.

नागपूरला करिश्माचं घर चौथ्या मजल्यावर होतं. श्रीहरीभाऊ पोरांशी खेळले, त्यांना बागेत घेऊन गेले, एकदा खिचडी करून वाढली. आणि मनकर्णाबाईंना बघत राहिले. चामोर्शीत कधी बोलल्या नसतील एवढ्या त्या इथे बोलत होत्या. लिफ्टमध्ये बायका त्यांना थांबवायच्या. संध्याकाळी खाली बाकावर चौघीजणी जमत, त्यांत ह्या मधोमध. एकदा श्रीहरीभाऊ गॅलरीतून खाली बघत असताना त्यांचं हसणं चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू आलं. हे हसणं ओळखायला त्यांना एक क्षण लागला.

निघायच्या आदल्या दिवशी, पोरं शाळेत आणि करिश्मा ऑफिसला गेल्यावर, दोघं भाजी निवडत बसले होते.

“एक बोलू?” मनकर्णाबाई म्हणाल्या. “मी आता राहाले काई येत नाई तिकडं. सणाले येईन, काई काम असंल तं येईन.”

श्रीहरीभाऊ मेथीची पानं तोडत राहिले.

“राग आला का?”

“नाई. मले वाटलंच होतं.”

“मले इथी बरं वाटते जी. तिकडं तुमी दुकानात, मी घरात. पस्तीस वर्सं बाटल्याच धुतल्या म्या.” त्यांनी काड्या बाजूला सारल्या. “तुमी इथीच राहा ना. कोणी नोको म्हणत नाई.”

“इथी मी काय करू?”

“काय कराचं असते? बसाचं.”

“बसाले तं तिकडंबी आहे,” श्रीहरीभाऊ म्हणाले. ते चिडून म्हणाले नाहीत, आणि मनकर्णाबाईंनीही तसं घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्यात शंकरपाळे भरून दिले आणि बसस्टँडवर सोडायला आल्या. बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभ्या होत्या.

घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. टाकीवरचा दिवा लागलेला होता. मासे सगळे जिवंत. लांब पानांचं झाड वाढून पाण्यावर आडवं पसरलं होतं. आठ दिवसांत ह्या टाकीला त्यांची एकदाही गरज पडली नव्हती. ते पलंगावर बसले. पिशवी मांडीवरच होती. पाच वाजता टक् झालं. मग त्यांना रडू आलं. मनकर्णा गेली होती तेव्हा आलं नव्हतं, कारण तेव्हा ती परत येणार होती.

पुढचे तीन दिवस ते कुठे गेले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी उठून त्यांनी दुकानातल्या मशीनवरचं झाकण काढलं, नट सोडवले आणि मशीन ओढत मागच्या पडवीत नेलं. मग टाकी रिकामी करायला घेतली. पाणी बादल्यांत, मासे घमेल्यात, झाडं ओल्या पोत्यात. वाळूसकट टाकी एकट्याने उचलत नव्हती, म्हणून वाळूही वाटी-वाटीने काढली. दिवस त्यातच गेला. मधे जेवायचं राहिलं. पाठीत कळ आली तेव्हा जमिनीवर आडवे झाले, पुन्हा उठले. अंधार पडायच्या आत टाकी दुकानात, रस्त्याकडे तोंड करून, मशीनच्या ओट्यावर बसली होती. उपटलेली झाडं पुन्हा लावली, सिलिंडर आणि दिवा जोडला. गढूळ पाणी निवळायला दोन दिवस लागले.

मग त्यांनी शटर उघडलं. पाच वर्षांत गंजलेलं, ते अर्ध्यावर अडकलं, तेल सोडून ढकलावं लागलं.

बाजाराचा दिवस होता. माणसं जात होती. काही जण मान वळवून बघत आणि पुढे जात. दोन शाळकरी मुली थांबल्या, काचेला नाक लावून मासे मोजले, भांडल्या आणि पळाल्या. दुपारी डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई सावलीला थांबली. घाम पुसत तिने आत पाहिलं.

“सोडा आहे का जी, भाऊ?”

“नाई बाई. बंद केला.”

“मंग दुकान काऊन उघडं ठेवलं?”

“असंच,” श्रीहरीभाऊ म्हणाले. “पाणी पाह्यजे का प्याले? माठातलं आहे.”

तिने टोपली खाली ठेवली. ते आत जाऊन तांब्या भरून घेऊन आले. पाणी पिता पिता ती टाकीकडे बघत होती. पानांवर बुडबुडे चढायला लागले होते.

“हे आमच्या बोडीतलंच गवत होय ना?” तिने विचारलं.

“होय. तिथलंच.”

“तिथी तं असं दिसत नाई.”

“बसा,” त्यांनी खुर्ची पुढे केली. “सांगतो.”

“नाई जी, बस निंघून जाईन माझी.” तिने तांब्या परत दिला, टोपली उचलली आणि स्टँडकडे निघाली. श्रीहरीभाऊंनी खुर्ची तिथेच, दाराजवळ, राहू दिली.